चौथा बन

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचं धाडस करतोय, चुकलं तर माफ करा.

गुड फ्रायडेला आई दालचिनी-मनुकांचे बन भाजते, आम्हा चौघांना एकेक. बाबांची मासेमारीची बोट दोन दिवसांपासून संपर्कात नव्हती. फुगायला ठेवलेल्या गोळ्यांवरचं ओलं फडकं मी उचललं. गोळे तीनच होते.

“आई, बाबांचा गं?”

ती दचकली. “विसरले नुसती! जीभ आवर, मेल्या.”

तिने तिन्ही गोळ्यांतून थोडं थोडं पीठ काढून चौथा वळला, त्यावर सुरीने क्रूस कोरला. ओव्हनमधून दालचिनीचा वास घरभर पसरला, तरी माझ्या मनातून जाईना: हातांना आपल्याआधी काही कळत असेल का?

बन निवायच्या आत बंदरावरून काका आले. “बोट मिळाली,” ते दारातूनच म्हणाले, “माणसं नाही.”