फेस नसलेली बादली

तिसगावच्या रामहरीने ती फिल्म गोठ्यातच पाहिली, शेणाची पाटी बाजूला ठेवून. वाल्मिकने पाठवली होती. वाल्मिकचं स्टँडवर सलून आहे आणि रामहरीचं न झालेलं लग्न हा तिथला जुना विषय.

फिल्म ऑनलाइन फसवणुकीची होती. घटना खरी आहे, असं सुरुवातीलाच लिहिलेलं. चाळिशीचा एक बिनलग्नाचा शेतकरी. मोबाईलवर एक बाई त्याला रोज मेसेज करते, जेवलात का विचारते. तिचा कॅमेरा मात्र कायम बिघडलेला. शेवटी कळतं, बाई नाहीच. कुठल्याशा खोलीत ओळीने बसलेली पोरं तिच्या नावाने लिहीत असतात.

रामहरीला मोबाईलवर रोज लिहिणारी निकिता संगमनेरची होती, हे त्यानेच वाल्मिकला सांगितलं होतं. तिचाही कॅमेरा बिघडलेला होता. तिने अजून काही मागितलं नव्हतं. आई गेल्यापासून घरात भांडं पडलं तर पाडणारा तोच आणि ऐकणाराही तोच. पण त्याची कालवड लंगडते, हे निकिताला ठाऊक होतं.

त्याने फिल्म पुन्हा लावली, चूक शोधायला. ती सापडली. शेतकरी धार काढून उठतो, बादली समोर येते आणि दुधावर फेसच नाही. दूध सपाट, आणून ओतल्यासारखं.

तो तसाच वाल्मिककडे गेला. वाल्मिक एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावत होता.

"खोटी हाय तुझी फिल्म. बादलीत फेस न्हाई."

"फेस न्हाई ह्ये बरं दिसलं, बाकीचं काय दिसलं न्हाई व्हय?"

"एक खोटं, तर समदं खोटं."

"मंग नवरदेवा, जाऊन ये की संगमनेरला. एस्टी हाय."

गिऱ्हाईक साबणासकट हसलं. रामहरी हसला नाही. संगमनेरला तो कधी गेला नव्हता. गेला असता तर तिथून एकट्यानेच परत यावं लागलं असतं.

फिल्मच्या शेवटी एक नंबर होता. गोठ्यात परत येऊन त्याने तो लावला. फिल्म करणाऱ्या ज्योतीताईंनीच उचलला, त्या नगरच्या.

"ताई, ते दूध खोटं हुतं ना?"

त्या म्हणाल्या, "हो. पिशवीचं होतं. तो माणूसही नाटकातला. ज्याच्याबाबतीत हे घडलं, तो तोंड दाखवायला तयार नव्हता."

"म्हंजे समदं बनवलेलं."

"तेवढंच बनवलेलं. मेसेज खरे आहेत, दादा. शब्द न् शब्द."

ते शब्द रामहरीला पाठ होते. फिल्म पाहण्याच्या आधीपासून.

गाय रवंथ करत होती. तो गव्हाणीच्या कडेला टेकला.

"त्यो आता काय करतो?"

"कोण?"

"ज्याला फसवलं, त्यो."

"तिचा नंबर कधीच बंद झालाय. तरी रोज लिहितो तिला. मी सांगून पाहिलं. म्हणतो, कुणाला तरी सांगायला लागतंच."

"त्याचा नंबर देता का?"

"नाही देता येणार. शब्द दिलाय मी त्याला. ओळखीचा आहे का?"

"न्हाई. मंग माझा त्याला द्या. म्हनावं, तिला लिव्हतो ते हिकडं लिव्ह. मी वाचीन."

"नंबर लिहून घेते, सांगा," त्या म्हणाल्या. तो एकेक आकडा सावकाश सांगत गेला.