पोटभर जेवणाऱ्याचं सॉफ्टवेअर

पैसे मोजून फसण्याची शर्यत कोल्हापुरात कुणी भरवलीच, तर आमचे साडू पहिला नंबर काढतील आणि सवयीप्रमाणे घासाघीस करून बक्षिसाची रक्कमही कमी करून घेतील. घासाघीस हा त्यांचा श्वास आहे. डॉक्टरांनी दोन इंजेक्शनं सांगितली, तर "दोन घेतो, एकाचंच धरा" म्हणणारा हा माणूस. बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याविषयी चांगलं बोलावं हे मलाही कळतं, पण माणसानं तेवढी जागा तरी ठेवावी की!

उद्यमनगरात त्यांचं पंपांच्या सुट्ट्या भागांचं दुकान आहे. दुकान त्यांचं, पण ते चालायचं तात्यांच्या जिवावर. तात्या तीस वर्षं काउंटरवर. राधानगरीकडचा एखादा शेतकरी येऊन "ते नाकाडावाणी पुढं आल्यालं, तिथनं पाणी झिरपतंय बघा" एवढंच म्हणाला, की तात्या मान न वळवता मागच्या मांडणीवरून नेमकं खोकं काढायचे. कुठली वस्तू कुठं, हे सगळं फक्त त्यांच्या डोक्यात. त्या तात्यांची नजर अधू झाली आणि दिवाळीनंतर गगनबावड्याला मुलीकडं राहायला जायचं त्यांनी ठरवलं. साडूंचं धाबं दणाणलं. तात्या गेल्यावर गिऱ्हाइकाला काढून काय देणार, डोंबल? म्हणून दुकान सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं.

आता शहाण्या माणसानं चार सॉफ्टवेअरं वापरून बघितली असती. साडूंनी ती विकायला येणाऱ्यांना घरी जेवायला बोलावलं! त्यांचा हिशेब सरळ होता: जो ताटावर हात आखडता घेतो, तो कामातही घेणार. पहिले आले ते पुण्याचे एक किडकिडीत, चष्मेवाले गृहस्थ. त्यांनी दहीभात तेवढा खाल्ला आणि म्हणाले, "एक महिना फुकट वापरा. पटलं तर महिन्याच्या महिन्याला पैसे द्या. पण आधी काउंटरवर कोण बसतं, त्यांना भेटू द्या."

साडूंनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं. "पावणं, तांबड्या रश्श्याला शिवला न्हाय गडी! ह्येचं सॉफ्टवेअर दमाचं असंल व्हय? आणि फुकट देतोय म्हंजे खोट हाय की!"

दुसरा धिप्पाड होता. पांढऱ्या रश्श्याच्या सात वाट्या रिचवून "वहिनी, हात धुवायला नको वाटतंय" म्हणाला आणि साडू विरघळले. पाच वर्षांचे पैसे त्यानं एकदम मागितले. साडूंनी इरेला पेटून घासाघीस केली, रक्कम तसूभरही उतरली नाही, पण वर हॉटेलची टेबलं, दवाखान्यातल्या खाटा आणि कोंबड्यांचा खुराक सांभाळायची सोय फुकटात मिळाली.

"तुमच्याकडं कोंबड्या कुठायत?" मी विचारलं.

"उद्या घेतल्या तर?"

अशा माणसापुढं डोकं आपटलं, तर फुटतं ते आपलंच. दुसऱ्या दिवसापासून साधं रबराचं वायसर नोंदवायला घेतलं, तरी ते सॉफ्टवेअर कोंबडीचं वय विचारायला लागलं. तात्या शांतपणे म्हणाले, "मालक, काय सांगू? चार म्हयन्याचं?" सात वाट्यांवाला फोन उचलेना. दिवाळी तीन आठवड्यांवर आली, साडूंचं अन्नपाणी तुटलं, आणि खरं सांगतो, मलाही त्यांची दया आली. मीच पुण्याला फोन लावला.

दहीभातवाले आले आणि साडूंकडं ढुंकूनही न बघता तात्यांजवळ बसले. आठ दिवस रोज. एकेक खोकं उघडायचं आणि तात्या सांगतील तेच नाव, तेच शब्द लिहायचे. नाकाडं. म्हातारीचा दात. मांजराचा कान.

"अवो, कंपनीची नावं घाला की!" साडू ओरडले.

"गिऱ्हाईक कुठलं नाव घेऊन येतं?" त्यांनी विचारलं. साडू निमूटपणे पुढचं खोकं उतरवायला लागले. असा योग मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला.

दिवाळी झाली आणि तात्या मुलीकडं गेले. परवा मी दुकानात बसलो होतो. एक शेतकरी आला, म्हणाला, "नाकाडं झिरपतंय." साडूंनी एका बोटानं अक्षर शोधत शोधत 'नाकाडं' लिहिलं. पडद्यावर आलं: मागची मांडणी, तिसरा कप्पा. खाली तात्यांची ओळ होती: 'संगं नवं वायसर द्या, न्हायतर गडी पुन्ना हेलपाटा मारतोय.' साडू ती ओळ बराच वेळ वाचत राहिले.

वातावरण हलकं करावं म्हणून मी डिवचलं, "वर्षाचे एकदम भरले तर दोन महिन्यांचे सुटतात म्हणे. घासाघीस विसरलात काय?"

"न्हाय पावणं," ते डोळे पुसत म्हणाले. "म्हयन्याच्या म्हयन्यालाच देणार, आणि पुरतं देणार. तात्यांचा पगार हाय त्यो. त्यात कधी घासाघीस केलती व्हय मी?"

केली नव्हती. तीस वर्षांत एकदाही नाही. साडू उठले, मागच्या मांडणीवरून खोकं काढलं आणि आठवणीनं त्यावर नवं वायसर ठेवलं.