नवी कोरी बादली

समजा, तुम्हाला तुमच्या शेतातल्या मातीचा नमुना तपासायला द्यायचाय. काय कराल? नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी थांबाल, वरचा पालापाचोळा हाताने बाजूला साराल, वीतभर खड्डा घ्याल आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून काढाल. सगळी एकत्र कालवाल. पसरून चार भाग कराल, समोरासमोरचे दोन टाकून द्याल आणि असं करत करत अर्धा किलो उरली की पिशवीत भरून चिठ्ठी लावाल. सोपं आहे. आता सांगा, माती कालवलीत कशात?

नाही ना आठवत? कुणालाच आठवत नाही. आणि नेमक्या याच गोष्टीपायी चाळणीबाईंच्या कपाळाची शीर उठते.

चाळणीबाई म्हणजे माती परीक्षण प्रयोगशाळेतल्या सगळ्यात जुन्या तपासनीस. बावीस वर्षांपूर्वी रुजू झाल्या, त्याच दिवशी त्यांनी तिथली पितळी चाळणी उचलून खिडकीबाहेर ठेवली आणि नायलॉनची मागवली. तेव्हापासून हे नाव. पितळेत तांबं आणि जस्त असतं, आणि बाई मोजणार तेच. किलोभर मातीत पिकाला घेता येईल असं जस्त असतं एखाद्या मिलिग्रॅमच्या आतबाहेर. त्यात चाळणीनेही पदरचं घातलं, तर मोजायचं काय, कपाळ?

त्या सोमवारी दादाचा, त्यांच्या थोरल्या भावाचा, फोन आला.

"तुझ्या मशीनचे डोळे तपासून घे."

"आता काय झालं?"

"तुझ्या कागदावर लिहिलंय, जस्त भरपूर. इकडे मक्याच्या कोवळ्या पानांवर पांढरे पट्टे आलेत. असे पट्टे म्हणजे जस्त कमी, हे मागे तूच शिकवलंस. मग खरी कोण? तू की तू?"

बाईंनी फोन ठेवला आणि नोंदवही काढली. दादाच्या गावातून एक्केचाळीस नमुने आले होते आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस भरपूर निघाले होते. शुक्रवारी सगळ्या भागाचा नकाशा छपाईला जायचा होता आणि त्यात ते गाव हिरवंगार रंगवलेलं होतं. हिरवं म्हणजे पुढची पाच वर्षं तिथे कुणी कुणाला जस्त घालायला सांगणार नाही. मका असाच पांढरा पडत राहणार. आणि नकाशाखाली सही चाळणीबाईंची.

दोन दिवस त्यांनी प्रयोगशाळा डोक्यावर घेतली. द्रावण नव्याने केलं, बाटल्या आम्लाने धुतल्या, दादाच्या नमुन्यातली उरलेली माती पुन्हा दोन तास हलवून, गाळून मशीनवर लावली. आकडा जागचा हलेना. दोन पूर्णांक चार. सहा दशांशाच्या खाली गेलं तर कमी म्हणायचं, आणि हा तर चौपट!

बुधवारी त्या तडक दादाच्या शेतावर गेल्या.

"वहिनी, माती कशात कालवली होती?"

वहिनींचा चेहरा फुलला. "खास नवी आणली, ताई! जुनीला खताचा वास येत होता. तुम्ही फोनवर केवढ्या ओरडला होतात, भांडं स्वच्छ हवं म्हणून." आणि त्यांनी गोठ्यामागून पत्र्याची बादली आणून पुढ्यात ठेवली. उन्हात डोळे दिपावेत अशी चकचकीत. "आपल्यामुळे कुणाचा नमुना बिघडायला नको, म्हणून साऱ्या गावात फिरवली. माती ओली होती ना, मग एकेकाने दोन-दोन दिवस हिच्यातच झाकून ठेवली."

चाळणीबाईंनी बादली उचलून उन्हात फिरवून बघितली.

"वहिनी, ही चकाकी कशाची आहे, माहितीये? जस्ताची! पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो!"

"मग मका बादलीतच पेरायला हवा होता," दादा म्हणाला.

"हसू नकोस रे! प्लास्टिकचं भांडं घ्या म्हणून सांगितलं होतं मी."

"नाही हं, ताई," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "स्वच्छ म्हणालात. प्लास्टिकचं नाव काढलं नाहीत. मी लिहून ठेवलंय कॅलेंडरवर."

लिहिलेलं होतं. बावीस वर्षं प्लास्टिक, प्लास्टिक असं ओरडून बाईंचा घसा इतका बसला होता, की आता ते सगळ्यांना ठाऊकच असणार असं धरून त्यांनी ते सांगायचंच सोडून दिलं होतं. चिडायचं तरी कुणावर?

दादाच्या नातवाच्या अंघोळीच्या प्लास्टिकच्या टबात त्यांनी स्वतः नवा नमुना कालवला, पंख्याखाली वाळवला. शुक्रवारी सकाळी मशीनने आकडा दाखवला. तीन दशांश.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी घड्याळाकडे बघत ऐकून घेतलं. "ठीक आहे. तेवढं एक गाव लाल करा नि सही करा."

"आणि बाकीची हिरवी गावं, सर?"

"त्यांची काही तक्रार आहे का?"

"मक्याने केली असेल, सर. आपल्यापर्यंत पोचली नसेल."

"बाई, एका बादलीसाठी नकाशा अडवून धरणार तुम्ही?"

"एकच आहे हे कळू दे, मग लगेच सही करते."

साहेबांनी हात जोडले आणि सोमवारपर्यंतची मुदत दिली.

बाईंनी जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा सोडला. चिठ्ठीचा नमुना त्यांनीच आखलेला. चौदा रकाने. नाव, फोन, पीक, खोली, उतार, अगदी विहिरीचं पाणी गोडं की मचूळ इथपर्यंत. भांड्याचा रकाना नव्हता. स्वतःच्याच सुवाच्य अक्षराकडे बघत त्यांनी दात आवळले. मग नकाशा समोर पसरला, पहिल्या हिरव्या गावावर बोट ठेवलं आणि नंबर फिरवला.

"नमस्कार, माती परीक्षणातून बोलतेय. मागच्या वर्षी नमुना दिला होता तुम्ही. नाही, नाही, घाबरू नका, सगळं ठीक आहे. मला एवढंच सांगा, माती कशात कालवली होती?"