शेवटच्या कडव्यातलं नाव

आमच्या पप्पांचा आवाज म्हणजे काय विचारू नका! अंबरनाथच्या कारखान्यात दिवसभर मशीनच्या खडखडाटात उभं राहून संध्याकाळी बदलापूरला यायचे, चहा प्यायचे, ढोलकीवाल्या काकांना हाक मारायचे आणि मग आमची अख्खी बेलवली वस्ती ऐकायची. गायन पार्टी होती त्यांची. भीमजयंतीची गाणी स्वतः लिहायचे, स्वतः चाली लावायचे, आणि रिवाजाप्रमाणे शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायचे. गाणं त्यांचं आहे याचा तेवढाच पुरावा. कॅसेटवाल्यांनी कधी विचारलं नाही, पुस्तक कधी निघालं नाही.

मी तेव्हा उल्हासनगरला कॉम्प्युटर क्लासला जायची. शेजारीच एका सिंधी काकांचा सायबर कॅफे. फुकटात वेबसाइट बनवता येते हे तिथं कळलं आणि मी हट्टानं पप्पांची घरी टेप केलेली गाणी चढवली. काय ध्यान होतं ते पान! निळी जमीन, पिवळी अक्षरं, वर लुकलुकणारी मेणबत्ती. एक गाणं चढायला अर्धा तास, मध्येच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. पण माझा जीव होता त्याच्यावर, अजून आहे. आताचे हे गुळगुळीत ॲपवाले, पाऊल टाकायच्या आधी मोबाइल नंबर मागतात मेले!

कॅफेवाले काका एकदा पप्पांना म्हणाले, "साईं, पासवर्ड डाल दो. कोई माल उठा के ले जाएगा."

पप्पा भडकलेच. "आमच्या बापाला लोकांनी दाराबाहेर उभं केलं. आणि मी गाण्याला कडी लावू? येऊ दे ज्याला यायचंय त्याला."

आणि लोक यायचे की! पानाखाली निरोप लिहायची जागा होती. कोण परभणीहून लिही, कोण दुबईहून. रविवारी पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून कॅफेत यायचे आणि मी निरोप वाचून दाखवायची. 'जयभीम दादा, चाल झकास' एवढं जरी असलं तरी परतताना मला दालपकवान खायला घालायचे.

पुढे मी नोकरीला लागले, लग्न झालं, आणि ती फुकटची जागा देणाऱ्यांनी एक दिवस गाशा गुंडाळला. पान गेलं. घरच्या कॅसेटींना बुरशी लागलेली. त्यात पप्पांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला, राहिली नुसती कुजबुज. ढोलकीवाले काकाही वारले. आता गाणी होती ती फक्त पप्पांच्या डोक्यात, आणि गाऊन दाखवणार कोण? मी तर ठार बेसूर. फार वाईट वाटायचं.

मग यंदा ऐन जयंतीच्या आठवड्यात मोबाइलवर एक व्हिडिओ समोर आला. कुठल्याशा खेड्यातली कॉलेजातली मुलगी विहारात गात होती. पहिल्याच ओळीला मी आवाज वाढवला. पप्पांचं गाणं! चाल तीच, हरकती त्याच. खाली तिनं लिहिलेलं, मामाच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये सापडलेलं गाणं. म्हणजे मामानं कधीतरी आमच्याच पानावरून उतरवून घेतलं असणार. मी रडायलाच लागले. तेवढ्यात शेवटचं कडवं आलं. पप्पांच्या नावाच्या जागी बाईसाहेबांनी स्वतःचं नाव बसवलं होतं!

माझं डोकंच फिरलं. तडक बदलापूर गाठलं. "बघा, कडी लावली नाही त्याचं फळ! मी तक्रार करते, व्हिडिओच काढायला लावते."

पप्पांनी मला गप्प बसायची खूण केली. मांडीवर ठेका धरून गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं. डोळे भरून आले होते त्यांचे. मग उठले, खुंटीवरच्या शर्टातून दहाची नोट काढली आणि मोबाइलसमोर धरली. आमच्याकडे कार्यक्रमात गाणं आवडलं की माणूस असाच नोट घेऊन उठतो, आणि गाणारा त्याचं नाव पुकारतो.

"लिही तिला," ते कुजबुजले, "माझ्याकडून बक्षीस."

"आणि गाणं तुमचं आहे, ते?"

"नको. घाबरेल पोर. गायची थांबेल."

मी चरफडतच लिहिलं, बदलापूरहून दहा रुपये बक्षीस, आणि पुढे पप्पांचं पूर्ण नाव. त्यांनी चष्मा लावून ते नीट वाचलं.

"वन्स मोअर राहिलं," म्हणाले.