दोन पावलं मागे

माझ्या लेकीला, रुचाला, फार कमी दिसतं. तिची मैत्रीण देवयानी इथे टार्निट उपनगरात आमच्या शेजारी राहते, पाळणाघरात काम करते. दोघी ओसाका पायी फिरायला निघाल्या, तेव्हा मी देवयानीला बजावलं होतं, "हिचा हात सोडू नकोस."

आज देवयानीने व्हिडिओ कॉल लावला, तर रुचा भर गर्दीत एकटीच पुढे! फुटपाथवर अंधांसाठी बसवलेल्या खडबडीत पिवळ्या पट्टीवर पांढरी काठी टेकवत चाललेली.

"अगं, धर तिला!" मी ओरडले.

"काकू, तिला रस्ता कळतोय. मी फक्त ट्रॅफिक क्लिअर करतेय," म्हणत देवयानी पट्टीवर सेल्फी काढणाऱ्यांना हसतहसत बाजूला सारत होती.

"आई, नो वरीज!" रुचा पुढूनच म्हणाली.

लेकीला इतकं ताठ चालताना मी प्रथमच पाहिलं. देवयानी बरोबर दोन पावलं मागे होती. तिचं लक्ष माझ्याकडे नको, म्हणून मीच कॉल बंद केला.