जसबीरचे केस

आज सलूनमध्ये चार-पाच वर्षांचा एक मुलगा खाली पडलेले आपले केस पाहून रडत होता. "परत येतात रे," त्याचे वडील हसून म्हणाले. मला जसबीर आठवला.

चौथीत तो माझ्या बाकावर बसायचा. त्याची आई रोज सकाळी त्याचे लांब केस विंचरून वर बांधायची आणि त्यावर निळा पटका. पंतप्रधानांची हत्या झाली त्या दिवशी शाळा लवकर सुटली, तेव्हा आम्ही आनंदाने ओरडलो होतो. मारेकरी शीख होते, म्हणून दूरच्या शहरांत शिखांना घरातून ओढून मारताहेत, हे मोठ्यांच्या बोलण्यातून नंतर कळलं. आमच्या गावात काहीच झालं नाही, असं मी पुढे कित्येक वर्षं सांगत आलो.

पंधरा दिवसांनी जसबीर वर्गात आला, तेव्हा त्याचे केस आमच्यासारखेच आखूड होते.

"कोणी कापले?" मी विचारलं.

"आईनं."

"छान दिसतोस," मी म्हणालो. मला ते खरंच वाटत होतं. तो वहीत बघत राहिला.

गेल्या वर्षी एका लग्नात तो भेटला. केस अजून आखूडच. मी बिचकतच विचारलं, "पुन्हा वाढवले नाहीस?"

"कॉलेजात असताना आईला विचारलं होतं," तो म्हणाला. "ती उठली आणि घराचं दार लावून आली."