बेळगायचे दिवे

कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियननं मला फसवलं. घरात रोपं वाढवायचे शेतीचे एलईडी म्हणून त्यानं मंडपातले पांढरे दिवे माझ्या माथी मारले.

देवराज मोहल्ल्यात माझ्या कापडदुकानामागे बिनखिडकीची खोली आहे. तिथं मी ट्रेमध्ये कोथिंबीर लावली. रोपं उगवली, पण छताला लावलेल्या दिव्यांकडे ताणली जाऊन लुळी पडली. मी त्याला बोलावून मनसोक्त झापलं.

हा माणूस कधी चिडत नाही. कानावर टेस्टर आणि तोंडात ‘आगत्ते अण्णा’, म्हणजे होईल सगळं. म्हणाला, “तुम्ही बेळगायचे दिवे मागितलेत. बेळसायचे कुठं म्हणालात?”

आमच्या मराठीत कानडी अशी मुरलेली. बेळगायचे म्हणजे उजळायचे, बेळसायचे म्हणजे पिकवायचे. घसरली असेल माझी जीभ, पण मी कोथिंबिरीचं बोलतोय हे त्याला कळत होतंच की!

मग त्यानं तेच दिवे उतरवले आणि सुतळीनं ट्रेच्या वीतभर वर टांगले. “आता बेळगतील आणि बेळसतीलही.”

मी पुन्हा बी पेरलं. आणि काय सांगू, रोपं ताठ, हिरवीगार, खोलीभर घमघमाट! गिऱ्हाईक ताटकळत ठेवून मी आज चारदा आत डोकावून आलो.

पण हे ठाऊक होतं, तर पहिल्याच दिवशी दिवे खाली का नाही टांगले? विचारलं तर म्हणतो, “त्या दिवशी तुम्ही भाव पाडत होतात, अण्णा. मला बोलू कुठं दिलंत?”

हे उत्तर मला मान्य नाही. माझ्या पहिल्या ट्रेचा जाब त्यानं दिलाच पाहिजे.